उरलेल्या माशांची वाटणी

समुद्रातल्या आणि नदीतल्या माशांवर पहिला हक्क त्या पाण्याकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या माणसांचा असतो, आणि हा हक्क कुठल्या सरकारने दिलेला नसल्यामुळे कुठलंही सरकार तो काढून घेऊ शकत नाही.

हे वाक्य दिनकर उकिडवे याने नेदरलँड्समधल्या वाखनिंगन गावी एका संशोधन संस्थेत, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून लिहिलं. दिनकरने आयुष्यात एकही मासा पकडला नव्हता, खाल्ला नव्हता, हातात धरलासुद्धा नव्हता. मासा त्याला टनांत माहीत होता. वाक्य लिहून झाल्यावर त्याने चहाचा घोट घेतला आणि पुढच्या परिच्छेदाची सुरुवात ‘तथापि’ने केली. अहवालाची बाकीची सगळी पानं त्या ‘तथापि’ची होती.

मामला असा होता. दक्षिण गोलार्धातल्या एका देशात ओलुमा नावाचे आदिवासी एका नदीच्या मुखाशी मासेमारी करतात. त्यांच्या सरकारने कधीतरी माशांची वाटणी केली. बाहेर समुद्रातले अमुक टन मासे व्यापारी बोटींचे, नदीच्या मुखातले अमुक टन ओलुमांचे. या वाट्याला कोटा म्हणतात. कोटा या शब्दावरून आपल्याकडे जेवढी भांडणं होतात तेवढीच तिथेही होतात, फक्त तिथली हवा खारी असते. व्यापारी वाटा ज्या कंपनीकडे होता ती आपले मासे शेवटच्या शेपटीपर्यंत पकडायची. ओलुमा मात्र दर वर्षी निम्मा वाटा पकडून थांबायचे. उरलेला निम्मा कागदावर ‘न वापरलेला’ म्हणून पडून राहायचा.

आणि काही वर्षं सलग न वापरलेला कोटा पुन्हा वाटायला काढायचा, असा नियम होता. वाटण्याआधी ज्यांचा आहे त्यांना एकदा विचारायचं, तुम्हाला हवाय का? हो म्हणाले तर विषय संपला, वाटा त्यांचाच. नको म्हणाले तर कंपनीचा.

म्हणजे सगळं घोडं एका ‘हो’पाशी अडलेलं होतं. त्या ‘हो’पर्यंत सगळ्यांना सुखरूप पोचता यावं म्हणून एक तटस्थ समिती नेमली गेली आणि तटस्थपणा जिथे मुबलक मिळतो असा देश म्हणून नेदरलँड्स निवडला गेला. कंपनीचं मुख्य कार्यालय हूफडॉर्पमध्ये असल्यामुळे सोयही होती. बैठक कंपनीच्याच इमारतीत ठेवली, कारण तिथे भाडं पडणार नव्हतं आणि विमानतळ जवळ होता. विमानाने येणारं कोणीच नव्हतं ही गोष्ट नंतर लक्षात आली.

येणार होत्या त्या सेलुवा. ओलुमांच्या नाववाल्यांच्या संघाच्या अध्यक्ष. समितीचा सल्लागार म्हणून केलेल्या पहिल्या व्हिडिओ कॉलच्या आधी दिनकरच्या डोळ्यांसमोर त्यांचं जे चित्र होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. स्क्रीनवर आल्या त्या साठीच्या, चष्मा लावलेल्या, राजधानीतल्या एका विमा कंपनीत लोकांचे क्लेम तपासण्यात उमेदीची वर्षं घालवून गावी परतलेल्या बाई. दिनकर त्यांना मनातल्या मनात सेलुवाबाई म्हणू लागला. तोंडावर मॅडम म्हणायचा, तेव्हा त्या मागे वळून बघायच्या, कोण आलं म्हणून.

उरलेले मासे उरत नाहीत, हे त्यांनी त्याला पहिल्याच कॉलमध्ये सांगितलं. ओलुमा पुरुषांची लग्नं नदीच्या वरच्या अंगाच्या गावांतल्या मुलींशी होतात. म्हणून हंगामात ठरलेल्या दिवशी मुखावरची जाळी उचलायची आणि मासे वर जाऊ द्यायचे. बायकोच्या माहेरी. तिथले लोक ते धबधब्याखाली पकडतात, वाळवतात आणि रस्ते बंद झाले की पावसाळाभर तेच खातात. सेलुवाबाईंचं स्वतःचं माहेर त्या गावांपैकी शेवटचं. त्यांचा भाऊ तिथे असतो.

“पण मग वर पकडलेले मासे तोलतं कोण?” दिनकरने विचारलं. त्याच्या गणिती मॉडेलला वजन लागायचं.

“खाणारे,” सेलुवाबाई म्हणाल्या.

दिनकरने याला मनात ‘माहेरचा वाटा’ म्हटलं आणि अहवालात ‘नोंद न झालेला सामाजिक वापर’. तळटीपेत. वरच्या मजकुरात जागा नव्हती असं नाही, पण वरचा मजकूर विभागप्रमुख वाचायचे.

सेलुवाबाईंचा व्हिसा नामंजूर झाला. मुदत संपल्यावर त्या आपल्या देशात परततील याची खात्री पटत नाही, असं कारण आलं. ज्या बाईंचं सगळं भांडणच ‘आम्हाला इथून हलवू नका’ एवढ्यापुरतं होतं, त्या आल्या तर परत जाणार नाहीत अशी काळजी कुणाला तरी वाटली. ऑनलाइन हजर राहायचं तर समितीच्या नियमांत तशी तरतूद नव्हती. प्रतिनिधी नेमण्याची होती.

“मग तुम्हीच बोला आमच्या वतीने,” सेलुवाबाई म्हणाल्या.

दिनकरने आढेवेढे घेतले. आपण समितीचेच सल्लागार, शिवाय आपली पात्रता काय, शिवाय आपण मासे खात नाही. सेलुवाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“मासे खाणारे सगळे कंपनीच्या बाजूला बसलेत,” त्या म्हणाल्या. “आणि बोलायचं आहे काय त्यात? ते विचारतील. तुम्ही हो म्हणा.”

तरीही दिनकरने रीतसर योस्तला कळवलं. योस्त हा समितीचा अध्यक्ष, न्यायखात्यातून निवृत्त झालेला, उंच, सभ्य माणूस. हितसंबंधांचा प्रश्न येतो का, असं दिनकरने विचारलं. योस्तने उलट विचारलं, तुमचं ओलुमांशी काही नातं आहे का? नाही. त्या देशाशी? नाही. माशांशी? नाही. मग प्रश्न येत नाही, असं योस्तने लिहून दिलं. ज्याचा कशाशीच संबंध नाही त्याने आदिवासींच्या वतीने बोलावं, याला कोणाचीही हरकत नव्हती.

आता दिनकरविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कोणाला खरं वाटणार नाही.

दिनकर साताऱ्याचा. त्यांच्या घरात पहिल्यांदा विचारल्यावर काही घेणं हे उपाशी माणसाचं लक्षण समजलं जायचं. पाहुण्याकडे गेलं की पहिल्यांदा ‘नको’, दुसऱ्यांदा ‘अहो खरंच नको, आत्ताच खाऊन निघालो’, आणि तिसऱ्यांदा वाढणारी बाई ताटाशी येऊन उभी राहिली की ‘बरं, अर्धी’. मग दोन यायच्या. या कारभारात कोणी कधी उपाशी राहिलं नाही, कारण नाही म्हणणाऱ्याइतकंच विचारणाऱ्यालाही आपलं काम ठाऊक होतं. दिनकर नेदरलँड्सला आला त्या आठवड्यात त्याच्या प्रोफेसरांनी त्याला घरी कॉफीला बोलावलं. प्रोफेसरांच्या पत्नीने बिस्किटांचा डबा पुढे केला. दिनकर म्हणाला, नको. बाईंनी झाकण लावलं आणि डबा कपाटात ठेवला. दिनकरने त्या दिवशी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं.

त्याची बायको मृदुला हे एका महिन्यात शिकली. ती हूफडॉर्पमधल्या एका आयटी कंपनीत होती आणि तिथे प्रमोशनही विचारल्यावर हो म्हणणाऱ्याला मिळतं हे तिने पाहिलं होतं. मुलगी चैत्राली इथेच वाढलेली. तिला हे शिकावंच लागलं नाही. ती साताऱ्याला गेली की पहिल्याच विचारण्याला हो म्हणायची आणि नातेवाईक तिच्याकडे कौतुकाने आणि तिच्या आईकडे दुसऱ्या नजरेने बघायचे. दिनकर मात्र कँटीनमध्ये हो म्हणायला शिकला, तेवढंच. अंगावर जॅकेट चढलं, समोर अध्यक्ष म्हणून कोणी बसलं, चार माणसं आपल्याकडे बघायला लागली की त्याची जीभ साताऱ्याला निघून जायची.

बैठकीच्या दिवशी तो स्टेशनवरून बसने गेला. कंपनीची इमारत काचेची होती आणि सातव्या मजल्यावरून वाहनतळ, नव्या घरांच्या रांगा आणि उतरणारी विमानं दिसत होती. पाणी कुठेच दिसत नव्हतं. कंपनीच्या बाजूने हानेके होती, पन्नाशीची, मोकळी, हसरी बाई. तिच्या हुद्द्यात ‘शाश्वतता’ हा शब्द होता. तिने स्वतः सगळ्यांना कॉफी दिली, बिस्किट पुढे केलं. दिनकर लगेच हो म्हणाला. घेतलं, खाल्लं. आज आपण तयारीत आलो आहोत, असं त्याला वाटलं.

आणि तयारी होतीच. त्याच्या फाइलमध्ये चार पानांचं निवेदन होतं. माहेरचा वाटा, धबधबा, पावसाळा, सगळं. मृदुलाने आदल्या संध्याकाळी ते वाचून म्हटलं होतं की छान आहे, पण हो कुठे म्हटलंयस? शेवटच्या पानावर, असं दिनकरने दाखवलं होतं. ती म्हणाली होती, पहिल्या पानावर घे. त्याने मान डोलावली होती. पण निवेदनाला एक चढण होती, ती मोडली असती.

मुद्दा एक, मुद्दा दोन झाले. मुद्दा तीनवर योस्तने चष्मा वर केला आणि नियमात दिलेलं वाक्य नियमात दिल्याप्रमाणे वाचलं.

“न वापरलेला वाटा ओलुमांना स्वतःकडे ठेवायचा आहे का?”

सगळे दिनकरकडे बघू लागले. इतक्या लगेच? त्याला वाटलं, झडप घातल्यासारखं दिसेल. आपण गरीब माणसांच्या वतीने आलोय, त्यांची आब राखली पाहिजे. यांना काय वाटेल, विचारायची खोटी, हे लोक तुटून पडले. निवेदनाची चार पानं त्याच्या डोक्यात दुसऱ्या विचारण्यानंतर होती. पहिल्या विचारण्यासाठी त्याच्याकडे काहीच लिहिलेलं नव्हतं. तिथे लिहायची गरज त्याला आयुष्यात कधी पडली नव्हती. तो हसला. हात छातीशी नेला.

“नाही, नाही, तसं काही नाही,” तो म्हणाला. “ओलुमा हावरे लोक नाहीत. कंपनीला गरज असेल तर आधी त्यांचं होऊ द्या.”

“स्पष्ट आहे,” योस्त म्हणाला. “धन्यवाद. मुद्दा चार.”

मुद्दा चार नदीतल्या गाळाविषयी होता. दिनकर हसरा चेहरा तसाच ठेवून थांबला. आता कोणीतरी म्हणणार, असं कसं, आधी तुमचं होऊ द्या. गाळाचं अर्धं बोलून झालं तरी कोणी म्हटलं नाही. हानेकेने पाण्याची बाटली उघडली. त्या आवाजासरशी दिनकरने हात वर केला.

“मला तीनवर अजून बोलायचं होतं.”

“तुम्ही बोललात,” हानेके म्हणाली. तिच्या स्वरात कुत्सितपणा मुळीच नव्हता, उलट ती त्याला आठवण करून देत होती.

“ती सुरुवात होती.”

“कशाची?”

“हो म्हणण्याची.”

योस्तने चष्मा खाली घेतला. “तुम्ही नाही म्हणालात.”

“आमच्याकडे आधी नाही म्हणतात.”

“आमच्याकडे म्हणजे ओलुमांकडे?”

दिनकरला खरं बोलायची सवय होती. “नाही,” तो म्हणाला. “साताऱ्याकडे.”

योस्तने समोरचे कागद चाळले. सातारा या प्रकरणात पक्षकार आहे का, हे तो प्रामाणिकपणे शोधत होता. सापडला नाही तेव्हा त्याने कागद सरळ केले आणि जे सांगितलं ते अगदी न्यायाचं होतं. दिलेलं उत्तर नोंदवलं गेलं आहे. तरी कोणत्याही पक्षाला पुढच्या दोन आठवड्यांत लेखी आक्षेप घेता येतो. आक्षेप आला की मुद्दा पुन्हा उघडेल, पुन्हा विचारलं जाईल.

“आक्षेप कुणी घ्यायचा?” दिनकरने विचारलं.

“त्यांच्या प्रतिनिधीने.”

“म्हणजे मी.”

“म्हणजे तुम्ही. ‘माझ्या तोंडून चुकीचं उत्तर गेलं’, एवढं लिहा. पुरे आहे.”

यात कुणी दुष्ट नव्हतं, हीच अडचण होती. हानेकेने निघताना त्याला लिफ्टपर्यंत सोडलं आणि वाखनिंगनमध्ये कुठे राहता, मुलगी कितवीत आहे, हे विचारलं. एका ओळीत सगळं मागे घेता येत होतं आणि ती ओळ योस्तने फुकट सांगूनही टाकली होती.

परतीच्या गाडीत विभागप्रमुखांचा मेसेज आला. या प्रकारच्या वाटणीत पहिल्यांदाच आदिवासी आणि व्यापारी पक्षांचं एकमत झालं होतं, ही बातमी दिनकरच्या आधी वाखनिंगनला पोचली होती. उद्या केक आहे, असं त्यात होतं. आणि हेही, की संस्थेची नेमणूक समिती याच महिन्यात बसते आहे आणि हे प्रकरण आपण त्यांच्यापुढे ठेवणार आहोत.

दिनकरचं हे तिसरं तात्पुरतं कॉन्ट्रॅक्ट होतं. चौथं तात्पुरतं देत नाहीत. एकतर कायम करतात किंवा पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा देतात. दोन्ही वेळेला केक असतो.

घरी आल्यावर त्याने मृदुलाला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. साताऱ्याचा भाग आला तेव्हा ती हसली, मग बराच वेळ हसली नाही.

“लिही,” ती म्हणाली.

“लिहिणारच आहे.”

“आत्ता लिही. जेवायच्या आधी.”

दिनकरने सांगितलं की इतकं सोपं नाही. आक्षेप गेला की एकमत गेलं. एकमत गेलं की नेमणूक समितीसमोर काय जाणार? हो आणि नाही यांत ज्याची गफलत होते असा तज्ज्ञ? मृदुला म्हणाली की हे खरं आहे आणि तरीही लिही. दिनकर म्हणाला की आधी सेलुवाबाईंना सांगायला नको का, त्यांचा वाटा, त्यांना न विचारता परस्पर कसं? मृदुलाने सुरी खाली ठेवली.

“परस्पर नाही म्हणताना विचारलं होतंस?”

दिनकर चैत्रालीला जेवायला बोलवायला गेला. चैत्रालीने वरूनच डचमध्ये विचारलं की बाबाला नोकरी मिळाली का. तिच्या आईने खालून मराठीत सांगितलं की अजून ठरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, दिनकरने कॉल लावला. सेलुवाबाई घराच्या पायरीवर बसल्या होत्या. मागे कोणीतरी जाळं दुरुस्त करत होतं. दिनकरने आधी प्रकृतीची चौकशी केली, हवामानाची केली, मग सांगितलं. चूक आपलीच, हे त्याने तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. मग आक्षेपाचं सांगितलं. आणि मग, सांगायची काही गरज नसताना, कायम नोकरीचंही सांगितलं. कळावं म्हणून. गैरसमज नको म्हणून.

मागचं जाळं दुरुस्त करणारा माणूस थांबला.

“मी आक्षेप घेऊ का?” दिनकरने विचारलं. “तुम्ही म्हणाल तसं.”

“नको,” सेलुवाबाई म्हणाल्या. “असू द्या. तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत. तुमच्यावर आणखी भार कशाला.”

दिनकरने एकदाच विचारलं.

मग त्यांनी चैत्रालीची शाळा कशी चालली आहे ते विचारलं आणि दिनकरने अगदी सविस्तर सांगितलं, इतकं की सेलुवाबाईंना मध्येच उठून आत जावं लागलं. फोन तसाच पायरीवर राहिला. स्क्रीनवर बराच वेळ छपराची कड आणि आकाश दिसत होतं. दिनकरने शेवटी कॉल बंद केला.

मृदुला ऑफिसला निघाली होती. सायकलचं कुलूप काढता काढता तिने विचारलं, बोललास?

“बोललो. त्याच नको म्हणाल्या.”

“किती वेळा?”

दिनकरने हेल्मेट कुठे आहे ते शोधायचा आव आणला. तो हेल्मेट कधीच घालत नसे.

“दिनकर. किती वेळा नको म्हणाल्या?”

“एकदा. आणि नाही म्हणजे नाही असतं, मृदुला. या देशात एवढी वर्षं काढून तेवढं तरी शिकलोच ना.”

मृदुला त्याच्याकडे बघत राहिली. साताऱ्याच्या सासरी तिला पहिल्या दिवाळीला जशी नजर मिळाली होती, तशी काहीशी नजर होती ती. आता तिच्याकडून निघालेली. मग ती सायकलवर बसली आणि स्टेशनकडे गेली.

दिनकरने आक्षेप लिहिला नाही असं म्हणता येणार नाही. लिहिला. ‘माझ्या तोंडून चुकीचं उत्तर गेलं’ हे वाक्य त्याला फार उघडंबोडकं वाटलं, म्हणून त्याने ते सुधारलं. चुकीच्या जागी ‘अपूर्ण’ केलं. मग ‘संदर्भाअभावी अपूर्ण’. मग आंतरसांस्कृतिक संवादावर एक परिच्छेद आला, तो चांगला जमला. दर दिवशी मजकूर थोडा अधिक समतोल होत गेला आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी तो इतका समतोल झाला की त्यातून नेमकं काय हवं आहे हे सांगता येईना. असा मजकूर पाठवण्यात अर्थ नाही, असं दिनकरला पटलं. आणि शेवटी पक्षकारानेच नको म्हटलं होतं. त्याच्यावर आपलं मत लादणं हाही एक प्रकारचा वसाहतवादच. हे वाक्य तर त्याला इतकं आवडलं की पुढे त्याने ते एका लेखात वापरलं.

नेमणूक समिती बसली आणि दिनकर कायम झाला. केक आला. विभागप्रमुखांनी छोटं भाषण केलं, त्यात ‘विश्वास’ हा शब्द पुन:पुन्हा आला. केक वाढणाऱ्या मुलीने दिनकरला आणखी हवा का म्हणून विचारलं. तो हो म्हणाला.

नदीच्या वरच्या गावांत त्या वर्षी सरकारी पहारेकरी आले. ओलुमांनी ठरलेल्या दिवशी जाळी उचललीच होती, मासे नेहमीसारखे वर गेले होते. फक्त आता कायद्याने ते कंपनीचे होते. धबधब्याखाली लावलेल्या सापळ्यांना पहारेकऱ्यांनी शिक्के मारले. दोन-तीन जणांवर खटले झाले, त्यांत एक सेलुवाबाईंचा भाऊ होता. मुखाशी राहणारे जावई आमचा वाटा विकून आले, असं वरच्या गावांत बोललं जाऊ लागलं. आमच्या बाईने गोऱ्यांपुढे स्वतःहून नको म्हटलं, असंही. नोंदीत तसंच होतं. त्या पावसाळ्याआधी सेलुवाबाई माहेरी जायला निघाल्या, तर निम्म्या वाटेवर भावाच्या मुलाने नाव अडवून सांगितलं, आत्या, आत्ता नको येऊस. त्या परत फिरल्या. संघाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा त्यांनी त्याच आठवड्यात दिला.

हे दिनकरला संघाच्या नव्या सचिवाने एका रुक्ष मेलमध्ये कळवलं, कारण अहवालातल्या संपर्काच्या यादीत नाव बदलायचं होतं. दिनकरने सेलुवाबाईंना दोनदा कॉल लावून पाहिला. मग संपर्काच्या यादीत नाव बदललं.

पुढच्या वर्षी लायडनला एक परिषद भरली. विषय होता सहमतीतून संसाधनांची वाटणी, आणि दिनकर पहिल्या सत्रातला मुख्य वक्ता होता. कॉफीच्या वेळी हानेके भेटली. तिने भाषणाचं मनापासून कौतुक केलं, चैत्रालीची चौकशी केली, नाव बरोबर उच्चारलं. दिनकरने बरं वाटेल म्हणून विचारलं की मुखातल्या नव्या वाट्याचे किती मासे मिळाले.

“अजून एकही नाही,” हानेके म्हणाली.

“मग घेतलात कशाला?”

तिने विचार केला. तिलाही खरं बोलायची सवय होती.

“तुम्ही नको म्हणालात,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या कुणीतरी हात केला म्हणून तिकडे गेली.

नियमाप्रमाणे तो वाटा नदीच्या मुखातच पकडावा लागतो. कंपनीच्या सगळ्यात लहान बोटीला चार मीटर पाणी लागतं. ओलुमांच्या नदीच्या मुखाशी, भरतीच्या वेळीसुद्धा, अडीच मीटर असतं.